गेटवरचं ‘येस’

६ एप्रिल १९९२, सोमवार

पोचलो एकदाचा! रात्रभर गाडीत अंग आंबलं, जळगावला गाडी बदलली, आणि धरणगावला उतरलो तेव्हा सकाळीच असं ऊन, की पुण्यात भर दुपारी पडत नाही. स्टेशनवर सूतगिरणीची जीप आली होती. ड्रायव्हरने माझ्या बॅगेपेक्षा फ्लॉप्यांचा डबा जास्त जपून ठेवला. आत पेढे आहेत असं वाटलं असणार.

तरी मी खूश आहे. काम पोरकट आहे. गिरणीच्या गेटवर यांनी कॉम्प्युटर बसवलाय, कोण आत आलं आणि कोण बाहेर गेलं याची नोंद ठेवायला. प्रोग्राम लिहिला होता इथल्याच वना नावाच्या मुलाने. तो दिवाळीत एरंडोलच्या रस्त्यावर ट्रकखाली गेला. तेव्हापासून प्रोग्राममध्ये एक चूक निघते आणि पंचक्रोशीत ती कुणाला सापडत नाही, म्हणून पुण्याहून साक्षात उन्मेष ओगले! महिनाभरात हे उरकायचं आणि जूनमध्ये अमेरिका. व्हिसा झालाय. खानदेश पाहायचा राहिला, अशी रुखरुख तिकडे लागायला नको.

निघताना आईला मुद्दाम ‘जातो’ म्हटलं. झालं तिचं सुरू. जातो म्हणू नये, येतो म्हणावं. जाणाऱ्याने येतो म्हणायचं, दुकान बंद करायचं असेल तर ‘वाढवायचं’. या भाषेत प्रोग्राम लिहायचा म्हणजे देवच वाली. शेवटी मी काही बोलेना, तेव्हा तिने आपणहूनच ‘ये रे’ म्हणून घेतलं.

गेस्टरूम बरी आहे. कूलर आहे, त्यात पाणी आहे. जेवायला शेवभाजी होती, इतकी तिखट की कान वाजायला लागले. रोज लिहायचं ठरवलंय. कामाची टिपणंही यातच लिहीन. पुढे टाइप करून कंपनीतल्या नव्या गाढवांना वाटता येतील.

७ एप्रिल

गाढवांनो, पहिली गोष्ट. प्रोग्रामला शिव्या देण्याआधी वीज बघा. इथे व्होल्टेज तमाशातल्या बाईसारखं नाचतं. स्टॅबिलायझर आणलेला आहे, पण तो जोडलेला नाही. त्यावर पहारेकऱ्याचा डबा ठेवलेला असतो, कारण तो उंच आहे आणि मुंग्या चढत नाहीत. दुसरी गोष्ट, यंत्र उघडून बघा. फ्लॉपीच्या खाचेतून मी इतका कापूस काढला की बाळाची उशी झाली असती. तिसरी, कशालाही हात लावण्याआधी जुन्या प्रोग्रामची प्रत काढून वेगळी ठेवा. मी वनाच्या फ्लॉपीची प्रत काढून बॅगेत टाकली आहे.

यंत्र एका लोखंडी गाड्यावर आहे. दिवसा गेटच्या खोलीत असतं, संध्याकाळी ढकलत ऑफिसात नेऊन कुलूप लावतात. फिरता कॉम्प्युटर! आता एक घंटा आणि कांदे-बटाटे तेवढे हवेत.

गेटवर दोन माणसं असतात. एक पहारेकरी, निंबा. सगळे त्याला नाना म्हणतात. मी निंबाच म्हणतो, पहारेकऱ्याला कसला नाना? दुसरी लताबाई, नंबर दाबायला. ही वनाची बायको, नवऱ्याच्या जागी लागलेली. वय पंचविशीच्या आत. बोलते कमी, हा एक गुण.

आता प्रोग्राम. आत येताना माणसाचा नंबर दाबायचा. बाहेर जाताना नंबर दाबून पुढे इंग्रजी अक्षरांत ‘येस’ लिहायचं. कशाला येस? प्रश्न काय विचारलाय? प्रश्नच नाही, थेट उत्तर! त्यावर पडद्यावर उमटतं वाय-ए, ‘या’. येसला या! धरणगावच्या तंबूत एखादा इंग्रजी सिनेमा पाहिला असणार पठ्ठ्याने. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, इथे अंगणच अमेरिकेतलं.

आणि चूक अशी. पाळी सुटते, सगळे बाहेर जातात, तरी पडद्यावर दिसतं, आत: १. मी निंबाला विचारलं, खरंच कुणी आत राहिलंय का. ‘बठ्ठा गयात, सायेब,’ म्हणाला. बठ्ठा म्हणजे सगळे. म्हणजे आत कुणी नाही, आणि यंत्र म्हणतं एक आहे.

९ एप्रिल

चूक आपल्या हाताने पुन्हा घडवून आणता आली, की ती अर्धी सुटली. हे पाठ करा. मी खोटे नंबर घालून पाहिलं, आत: ०. खरे नंबर घातले, आत: १. मग उरलेला एक कोण ते काढलं. वनाचाच नंबर!

निंबाला विचारलं, मेलेल्या माणसाचा नंबर यंत्र रोज आत कसा दाखवतं. म्हातारा शांतपणे म्हणाला, ‘वना येस, सायेब.’ वना, येस, साहेब. धन्य! गेटवर राहून एवढंच इंग्रजी शिकलाय, ते कुठेही फेकतो.

कारण दुपारी सापडलं. वनाने गृहीत धरलंय, की येस म्हणून गेलेला माणूस उद्या परत येणारच. म्हणून कामाच्या दिवशी सकाळी प्रोग्राम त्याला आपणहून आत धरतो. बाकीचे खरोखर येतात, त्यामुळे हिशेब जुळतो. वना दिवाळीत येस लिहून गेला तो गेला. प्रोग्राम अजून त्याला रोज आत घेतोय. असला भाबडा प्रोग्राम मी जन्मात पाहिला नव्हता.

एक गंमत. लताबाई रोज अकराच्या चहाला अर्धा कप यंत्राशेजारच्या स्टुलावर ठेवते. ते स्टूल रिकामंच असतं. चहा गार होतो, मग ती तो बाहेर कडुलिंबाच्या बुंध्याशी ओतते. आज मी त्या स्टुलावर फ्लॉप्यांचा डबा ठेवला. तिने तो उचलून खिडकीत ठेवला. मग मी तो चहा उचलून पिऊन टाकला. गोड मिट्ट होता. तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. अडाणीपणाला औषध नाही.

११ एप्रिल

काल भटू आणि रुपचंदने वरण-बट्टी खायला घरी नेलं. भटू साच्यांवरचा, म्हणजे सूत काढायच्या यंत्रांवरचा जॉबर, मुकादम आहे, आवाज असा की साचे बंद पडावेत. रुपचंद स्टोअरचा कारकून. भटूने विचारलं, कॉम्प्युटरला केळीचा भाव कळतो का. मी म्हटलं, त्याला तुझ्यापेक्षा जास्त कळतं. सगळे हसले, तोही हसला. अपमान झालेला कळत नाही ही केवढी सोय असते! तुपात बुडवलेल्या पाच बट्ट्या मला बळेच वाढल्या. पाहुण्याला नाही म्हणू देत नाहीत आणि पाहुण्याला नाही म्हणतही नाहीत.

१५ एप्रिल

सोडवलं.

आणखी एक टीप. एका वेळी एकच गोष्ट बदला. मी दोन बदलल्या, पण मला चालतं. ‘येस’ काढून टाकलं. या लोकांना इंग्रजी झेपत नाही, तर घ्या मराठी. आता बाहेर जाताना लिहायचं ‘जातो’. जातो म्हटलं की नोंद बंद, दुसऱ्या दिवशी कुणाला फुकट आत घ्यायचं नाही, वनालाही नाही. आणि ते ‘या’ पुसलं. माणूस जाताना यंत्राने पाठीमागून बडबडायचं काही कारण नाही.

आईने पाहिलं असतं तर कपाळावर हात मारून घेतला असता.

दाखवायला सगळ्यांना गेटवर बोलावलं. ‘जातो’ हा शब्द ऐकून निंबा उठून उभाच राहिला. थेट माझ्यासमोर येऊन म्हणाला, ‘सायेब, जास म्हनानं नही, येस म्हनानं.’ म्हणजे जास्त बोलू नका, नुसतं येस म्हणा! मला! एका पहारेकऱ्याने! मी त्याला सगळ्यांदेखत झापलं. म्हातारा खाली बसला.

पाच मिनिटं कुणीच पुढे येईना. लताबाईचा नंबर मी दाबला, तर तिने माझा हात चक्क धरला आणि मालाच्या दाराने बाहेर निघून गेली. शेवटी भटू म्हणाला, चला, पाहुण्याचा मान. आधी त्याचा नंबर, मग रुपचंदचा. दोघांनी ‘जातो’ लिहिलं. तिसरा मी. दुसऱ्याला औषध देण्याआधी आपण प्यावं, नव्या प्रोग्रामची चाचणी आपल्या नंबरावर करावी. जातो. पडदा कोरा.

आत: ०.

मॅनेजरने हात मिळवला. उद्यापासून हळूहळू सगळ्या कामगारांना यावर आणायचं.

१६ एप्रिल

आज लताबाईने स्टुलावर चहा ठेवला नाही. पडद्यावरच्या शून्याकडे बघत बसली होती आणि डोळ्यांतून पाणी. विचारलं तर म्हणाली, आजपासून खोली रिकामी वाटते. खोली काल काय भरलेली होती? चूक सुधारली म्हणून रडणारं माणूस मी पहिल्यांदाच बघतोय.

१८ एप्रिल

भटू गेला. भर दुपारी शेतात मोटार सुरू करायला गेला आणि स्टार्टरला चिकटला. गाव हळहळतंय. मलाही वाईट वाटलं, नाही कशाला म्हणू? पण ओल्या हाताने स्टार्टर धरणाऱ्यांचं दुसरं काय होणार?

निंबा माझ्याकडे बघतो. राग असता तर समजू शकलो असतो. राग नाही त्यात.

२२ एप्रिल

रुपचंद. जळगावला सामान आणायला गेला होता. बाजारात डोकं दुखतं म्हणाला, रसवंतीच्या बाकावर बसला, तो उठलाच नाही. ऊन लागलं. एप्रिलमध्ये इथे ऊन लागून माणसं जातातच, डॉक्टरही तेच म्हणाले.

योगायोग आहे. आधी भटू, मग रुपचंद. नंबर दाबले त्याच क्रमाने, पण दोन घटनांना क्रम असणारच, एक आधी असते आणि एक नंतर. यात घाबरण्यासारखं काही नाही.

कामगार नव्या प्रोग्रामला हात लावत नाहीत. सुशिक्षित मॅनेजरसुद्धा म्हणाले, सध्या राहू द्या. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, असले लोक.

तिसरा मी होतो.

२४ एप्रिल

झोप नीट नाही. सकाळी लताबाईला खोलीत एकटी गाठलं आणि सरळ विचारलं, हे सगळे माझ्याकडे असे का बघतात. तिने आधी पदराने स्टूल पुसलं. मग म्हणाली:

‘साहेब, ते इंग्रजी नव्हतं. आमच्या बोलीत येतोला येस म्हणतात. मी येस. जातोला जास.’

मग तिने सगळं सांगितलं.

वना कामावरून निघताना, घरातून निघताना, कुठूनही निघताना ‘येस’ म्हणायचा. इथले सगळेच म्हणतात. निघणाऱ्याने येस म्हणायचं आणि मागे राहणाऱ्याने ‘या’ म्हणायचं, मग तो माणूस धडपणे परत येतो. वनाने तेच यंत्राला शिकवलं होतं. बाहेर पडणारा म्हणेल येस, यंत्र म्हणेल या. प्रोग्राम पूर्ण झाला त्या दिवशी त्याने सगळ्या गिरणीला जिलेबी वाटली होती. दिवाळीत येस म्हणून गेला आणि बोलल्याप्रमाणे येत होता. रोज. स्टुलावर बसायचा. कुणाला त्रास नव्हता.

मी ते येस पुसलं, म्हणजे त्यालाही जातो म्हणायला लावलं. तिचे शब्द: ‘एवढा एक उरला होता, तोही तुम्ही घालवला.’

म्हणजे म्हातारा ‘वना येस’ म्हणाला ते— आणि ‘जास म्हनानं नही’—

थोतांड आहे. माझी आईही असलंच काहीतरी मानते. पण हात गार पडलेत, बाहेर रस्ता वितळतोय आणि माझे हात गार पडलेत.

२५ एप्रिल

जुना प्रोग्राम परत घातला. वनाची फ्लॉपी. येस आहे, या आहे, सगळं जसंच्या तसं; वना मात्र परतला नाही, पाळी सुटल्यावर आत: ०. पण त्या तारखेची नोंद पुसली जात नाही. भटू, जातो. रुपचंद, जातो. ओगले, जातो. पुसतो, पुन्हा उमटते. का ते सांगता येत नाही. पोरांनो, जी चूक का झाली ते कळत नाही ती—

यंत्राच्या ‘या’वर भागणार नाही. जिवंत माणसाने म्हणायला हवं. एवढंच हवंय मला. कुणीतरी एकाने ‘या’ म्हणायचं, बस्स.

२६ एप्रिल

गेटमधून निघताना म्हटलं, ‘येतो, नाना.’ पहिल्यांदा नाना म्हटलं त्याला.

त्याने मान खाली घातली.

परत आलो, परत निघालो. येतो, नाना. येस, नाना. साच्यावरच्या बायांना म्हटलं, येतो हं. कँटीनमध्ये म्हटलं. मॅनेजरना म्हटलं. ते कागदात बघत ‘हं’ म्हणाले. हं! एक अक्षर, तेही चुकीचं. ताटात चिमूटभर मीठ मागतोय असं वाटलं, आणि तेही देत नाहीत. मला राग आला, मग रडू आलं. माझी लायकी काढतायत काय हे लोक?

शेवटी नानाचे पाय धरले. खरंच धरले. मी, उन्मेष ओगले. त्याने मला उठवलं, डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, ‘जो जास सांगीसन गया, त्याले कोनी या म्हनत नही, बापू.’ जातो म्हणून गेलेल्याला कुणी या म्हणत नाही. कधी म्हणतात, विचारलं. तर म्हणाला, त्याचा एक दिवस असतो.

त्याच्या नजरेतलं काय ते आज कळलं. कीव.

२८ एप्रिल

धरणगावला जाऊन पुण्याला फोन लावला. आई आहे की. आई म्हणेल.

लाइन खरखरत होती. मी ओरडून म्हटलं, आई, येतो! येतो म्हणतोय! तिला अर्धंच ऐकू गेलं. ‘काय? जातो? अरे, जातो म्हणू नये, किती वेळा—’

पुढचं तिचं ठरलेलं आहे. पुढे ती ‘ये रे’ म्हणते. दर वेळी म्हणते.

लाइन तुटली. पुन्हा लागलीच नाही. बूथवाल्याने दिवसभर फिरवून पाहिलं.

२९ एप्रिल

निघतोय. उद्या सकाळी जीपने एरंडोल, तिथून जळगाव, पुणे. घरी जाऊन आईच्या तोंडून ऐकीन. मॅनेजर सुटल्यासारखे दिसले.

३० एप्रिल

निघताना गेटवर माझा नंबर दाबला. येस लिहिलं. पडद्यावर आलं, या. बरं वाटलं. यंत्र तर यंत्र.

एरंडोलच्या रस्त्यावर जीप कलंडली. टायर फुटलं. ड्रायव्हर रडत होता, त्याला मुका मार आहे. माणसं धावत आली, जीप उचलायला लागली, खाली कुणीतरी सापडलंय म्हणून ओरडत होती. मला कुणी हात दिला नाही. मीच उठलो, कपडे झटकले, डायरी घेतली. एक ओरखडा नाही! नशीब लागतं त्याला.

चालत गिरणीत परत आलो. एवढं अंतर, हे ऊन, आणि घाम नाही. बरंच झालं.

आपत्ती टळली. टळली म्हणजे संपली. तिसरा होतो, माझीही वेळ येऊन गेली.

१ मे

सुट्टी. गिरणी बंद. कालच्या गडबडीत यंत्राचा गाडा कुणी ऑफिसात नेलाच नाही, म्हणून गेटच्या खोलीत त्याच्यासमोर बसलोय. पडद्यावर, आत: १.

बरोबर आहे. आत मी एकटाच आहे.

२ मे

यांना उपरती झाली! पाळीच्या आधी लताबाईने पडदा बघितला, एक वाचलं, आणि हसली. पहिल्यांदाच. ‘आले,’ म्हणाली. अकरा वाजता अर्धा कप चहा आणून ठेवला. मी आभार मानले, तिने उत्तर दिलं नाही. अजून घुश्शात असेल.

चहा घशाखाली उतरत नाही. कपात तेवढाच राहतो.

३ मे

लताबाई चहा घेऊन आली आणि दारातच थांबली. खुर्चीकडे बघत. मी खुर्चीत होतो, वळून बघितलं, खुर्ची करकरली. तिच्या हातून कप पडला.

बाहेर नानाला सांगत होती, ऐकू आलं मला. ‘नाना, हे ते नव्हेत. ते स्टुलावर बसायचे.’

नाना म्हणाला, माहीत शे. काय माहीत आहे याला?

४ मे

कुणी बोलत नाही माझ्याशी. हाक मारली तर इकडेतिकडे बघतात. भूक नाही. गेस्टरूममध्ये माझी बॅग नाही, गादी गुंडाळलेली. पुण्याला पाठवली म्हणे. कुणाबरोबर पाठवली? मी इथे आहे. ड्रायव्हर डोकं बांधून आलाय, मॅनेजरांना सांगत होता, आई फार रडत होती त्यांची—

कुणाची?

५ मे

आखाजी, म्हणजे आपली अक्षय्य तृतीया. गिरणी बंद. लांब कुठेतरी बाया झोक्यांवर गाणी म्हणतायत. लेकी माहेरी आल्या असतील.

दुपार. नाना आणि लताबाई यंत्राचा गाडा ढकलत आलेत. गेटच्या खोलीत, माझ्यासमोर, जमीन सारवली तिने. लाल नवी घागर ठेवली. पाणी भरलं. वर खरबूज, दोन आंबे. हा यांचा सण— पितरांना पाणी देतात या दिवशी— नानाने सांगितलं होतं, एक दिवस असतो—

नाना नाव घेतोय. ‘वना, ये रे भो.’ लताबाई रडतेय. पडद्यावर— कुणी हात लावलेला नाही— या.

आत: २. स्टूल सरकलं.

‘भटू, या.’ आत: ३. ‘रुपचंद, या.’ आत: ४. चार. चौघं. एक मी— मी आधीपासून— दारात कोण उभं आहे ते बघणार नाही. बघणार नाही.

नाना, बास. माझं नको. पाया पडतो. मी किती मागितलं होतं तेव्हा द्यायला काय झालं होतं, आता नको, आता म्हणू नका, मी इथेच आहे, हा बघा लिहितोय—

हात जोडले त्याने. माझ्याकडेच बघतोय. आज बरोबर माझ्याकडे.

‘ओगले सायेब, तुम्ही बी या.’

आणि मी उत्तर देतोय— मराठीत नाही— इंग्रजीतही नाही— माझ्या तोंडून आपोआप, येस, नाना, ये